थोरलीचा पहिला मान

४ तारीख, मंगळवार

सगळ्यांच्या आधी आली ती रेडिओ, हे काय वेगळं सांगायला हवं? पाहुण्यांची गाडी अजून वळणावर होती, धूळसुद्धा खाली बसली नव्हती, आणि ही कुंपणाला हनुवटी टेकवून उभी. रेडिओ म्हणजे आमची पलीकडची शेजारीण. तोंडावर मी तिला वहिनीच म्हणते. "कोण आलं हो ताई? मुलगी बघायला का?" म्हणाली. म्हटलं, "नात आहे सहा वर्षांची. बघायला आले असतील तर मलाच." त्यावर ती खो-खो हसली आणि हसता हसता फाटक उघडून आत येऊन बसली. तिची आत यायची हीच पद्धत आहे.

पाहुणे दोघं. चीज कारखान्याकडचे. आमच्या सहा गाईंचं दूध त्यांनी घ्यायचं, अशी सुनेनं बोलणी करून ठेवलेली. एक गुरांची डॉक्टरीण, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणं गोड पण नजर अशी की भिंतीवरची पालसुद्धा जागच्या जागी थांबावी. दुसरा तिची पेटी धरणारा, इतका उंच की गोठ्याच्या दारातून त्याला वाकून जावं लागलं. नात माझ्या कानात म्हणाली, "आजी, शिडी." झालं, तेच नाव पडलं. दोघांनी गोठ्यात शिरायच्या आधी बूट धुतले आणि बाहेर आल्यावर परत धुतले. घरात येताना पाय धुणारे पाहुणे मी पाहिलेत, गोठ्यात जाताना बूट धुणारे हे पहिलेच. मला तर फार आवडले.

डॉक्टरीणबाईंकडे एक ताटली होती, चार वाट्यांची, मूठ असलेली. गाईच्या चार सडांतलं दूध चार वाट्यांत घ्यायचं, वरून जांभळं पाणी ओतायचं आणि ताटली गोल गोल फिरवायची. दूध चांगलं असेल तर पाण्यासारखं हिंदकळतं. कासेला आतून सूज असेल तर खळीसारखं घट्ट होतं. पांढरी, ठिपकी आणि हट्टी यांचं छान हिंदकळलं. लाजरीच्या दोन वाट्या घट्ट, नवीची एक. आणि थोरलीच्या? चारही!

मी हसलेच. म्हटलं, "बाई, तुमचं पाणी शिळं झालं असेल. थोरलीच्या कासेला हात लावून बघा, कापसासारखी मऊ आहे. सूज असती तर दगडासारखी लागली असती."

"आजी, ही आतली सूज," त्या म्हणाल्या. "वरून दिसत नाही, लागत नाही. तिला स्वतःला त्रास नाही, पण ती दुसरीला देते."

अशा दुधाचं चीज धड लागत नाही म्हणे. म्हणून दूध सुधारेपर्यंत घेणार नाहीत. तीन आठवड्यांनी मंगळवारी परत येऊन बघतो, म्हणाले. तेव्हाही असंच निघालं तर बोलणी बंद.

जेवताना मुलगा म्हणाला, "बोलणी बंद झाली तर गोठा मोडायचा आणि परत शहरात जायचं. सध्याचा दूधवाला मनाला येईल तसं दूध उचलतो, त्याच्यावर घर चालत नाही." सून नुसती भाजी वाढत राहिली. मुलगा, सून आणि नात गेल्या वर्षीच इकडे राहायला आली. त्याआधी या घरात मी आणि गोठ्यात थोरली, एवढंच. आता तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे नातीचे रंग सांडलेले. गेली तर परत मी, थोरली आणि रेडिओ. चालेल की. चालवलंच होतं. फक्त रेडिओ बंद करायला बटण नाही.

५ तारीख, बुधवार

सुनेनं डॉक्टरीणबाईंचे नियम पाठ केलेत. प्रत्येक गाईला वेगळं फडकं. आधी कास पुसून कोरडी करायची, मग धार. धार झाली की प्रत्येक सड तपकिरी औषधाच्या कपात बुडवायचा. लगेच वैरण टाकायची, म्हणजे गाय उभी राहते. सडाचं तोंड मिटेपर्यंत तिनं ओल्या जमिनीवर बसायचं नाही. हे मला पटलं. दार उघडं टाकून झोपलं तर कोणीही आत येणारच. (रेडिओसाठी तर दार बंद असलं तरी चालतं.)

पण एक नियम असा की चांगल्या गाईंची धार आधी आणि आजारी गाईंची शेवटी. म्हणजे थोरली सगळ्यांच्या शेवटी!

थोरली ही बाकीच्या पाचांच्या आधीची. त्यातल्या दोघी तर तिच्याच पोटच्या. पहिल्यापासून पहिली धार तिची. घरात आधी मोठ्या माणसाचं ताट वाढतात, तसंच ते. आज पांढरीपासून सुरुवात केली तर थोरलीनं मान वळवून बघितलं, मग हंबरली, मग शेण टाकलं, मग दाव्याला हिसके. तिच्यापर्यंत आले तेव्हा बादलीला अशी लाथ मारली की बादली दारात आणि मुलगा शेणात. "आई, ही गाय आहे की सासू?" म्हणाला. म्हटलं, "सासू असती तर तोंडानं बोलली असती."

६ तारीख, गुरुवार

तोड निघाली. मी नाहीतरी सगळ्यांच्या आधी उठते. झोप येत नाही म्हणून नव्हे, सकाळ आवडते म्हणून. आज गोठ्यात गेले, थोरलीपाशी बसले आणि दोन धारा जमिनीवर सोडल्या. बादलीत नाही, तेव्हा धार काढली असं काही म्हणता येणार नाही. तिचा मान तेवढा राहिला. मग नेहमीसारखा सगळ्यांच्या कासेवरून हात फिरवला, म्हणजे सुनेला बसल्या बसल्या पान्हा मिळतो. नंतर सुनेनं पांढरीपासून धारा काढल्या तरी थोरली गप्प. रवंथ करत उभी. मुलगा म्हणाला, "बघ, सवय झाली." मी म्हटलं, "शहाणी आहे ती." आणि मनात हसले.

१० तारीख, सोमवार

दोरीवर सहा फडकी वाळत घातलेली. सुनेनं जुन्या चादरी फाडून प्रत्येकीच्या फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा टाचलाय. शुक्रवारी रेडिओ म्हणाली, "सहा गाईंना सहा टॉवेल! आमच्या घरात पाच माणसांत दोन आहेत." म्हटलं, "मग तुमच्याकडेही पाठवू का डॉक्टरीणबाईंना?" दोन दिवस आली नाही. आज आली ती भिजलेले दोन नवे टॉवेल घेऊन, "ऊन तुमच्याकडे चांगलं येतं" म्हणून.

मुलानं गोठ्यातली ओली माती उकरून काढली, वाळू टाकली, चुना टाकला. घाम गाळत होता आणि ओरडत होता, पण काम नीट करतो. त्याच्या वडिलांसारखं. ते तर ओरडता ओरडता झोपायचेसुद्धा.

१३ तारीख, गुरुवार

लाजरीचा मागचा डावा सड सुजला. ही सूज मात्र दिसणारी. कास तिथं दगडासारखी, गरम, आणि दुधात पिवळट गुठळ्या. ती मुळातच लाजाळू, हात लावला की अंग चोरते. आज तर लहान मुलीसारखी थरथरली. गावातल्या डॉक्टरांनी येऊन सडात औषधाची नळी सोडली, आणि औषध उतरेपर्यंत दूध फेकायचं म्हणाले. भरलेली बादली मोरीत ओतताना सुनेनं तोंड दुसरीकडे केलं.

मुलगा म्हणतो, "सगळं करतोय आपण! फडकी, औषध, वाळू, चुना! मग हे येतंय कुठून?" मी म्हटलं, "हवा बदलली आहे." खरंच बदलली आहे. माझे गुडघेसुद्धा दुखतात.

१७ तारीख, सोमवार

आज सून लवकर उठली. मी थोरलीपाशी बसून तिला कालच्या गोष्टी सांगत होते. रेडिओच्या धाकट्या जावेचं काय झालं ते. ती गोष्ट इथं लिहीत नाही, लांबेल. दोन धारा झाल्या होत्या आणि मी पांढरीच्या कासेवरून हात फिरवत होते, तेवढ्यात दारात सून दिसली. केव्हापासून उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, "ये गं, सगळ्या तयार करून ठेवल्यात तुझ्यासाठी." तिनं माझ्याकडे बघितलं, मग थोरलीकडे, मग माझ्या हाताकडे. आत जाऊन चहा करून आणला, माझ्याजवळच बसून प्यायली. गुणाची आहे पोर. इतकी वर्षं नोकरी केली ऑफिसात, पण सकाळचं गोठ्यात बसून चहा पिण्याचं सुख तिला कळतं.

१८ तारीख, मंगळवार

थोरलीच्या खुंट्यापाशी सुनेनं एक टब ठेवलाय, औषधाच्या पाण्याचा. "आई, थोरलीला हात लावलात की यात हात बुडवत जा हं. कोपरापर्यंत. मग फडक्यानं पुसायचे." फडकंसुद्धा ठेवलंय, कोरं. मी हो म्हटलं. मुलानं विचारलं, हा टब कशाला? तर म्हणाली, "माझ्यासाठी. हात धुवायला."

पाणी फार गार असतं पहाटेचं. आणि गार हात लावला की गाय पान्हा चोरते, हे शहरातल्या पोरीला कसं माहीत असणार? तेव्हा बोटं बुडवते आपली. तिचं मन राहायला हवं.

२२ तारीख, शनिवार

दुपारी दोघांचं वाजलं. मी शेंगा सोलत होते, कान काही मी नेला नव्हता तिकडे, पण भिंत एकच वीट जाड आहे. मुलगा म्हणत होता, पाण्याच्या टाकीत दोष असेल, पेंड बदलू, माशा असतील, वाळू बदलू. सून म्हणत होती, "थोडे दिवस थांब. मला वाटतं कमी होईल." "कशावरून वाटतं?" "वाटतं." "नवीची आता दुसरीही वाटी घट्ट झालीय, आणि तुला वाटतं!" मग नात मध्ये जाऊन म्हणाली, "भांडू नका, मला चित्राला जांभळा हवाय." जांभळं पाणी सुनेनं तपासायला मागवून ठेवलंय, त्यावर हिचा डोळा.

सुनेनं नंतर माझ्याजवळ येऊन विचारलं, "आई, टबात हात बुडवता ना?" म्हटलं, "बुडवते की." बोटं म्हणजे हातच.

२५ तारीख, मंगळवार

आज एवढं घडलं की कुठून सुरू करावं कळत नाही. आधी रेडिओ आलीच. ते सोडू. पाहुणे आले, बूट धुतले, शिडीनं वाकायला विसरून तुळईवर डोकं आपटलं, नातीनं टाळ्या वाजवल्या. मग ताटली निघाली.

पांढरीचं दूध घट्ट! गेल्या वेळी स्वच्छ होतं. एक वाटी, पण घट्ट. लाजरीच्या दोन, नवीच्या दोन, थोरलीच्या चार. ठिपकी आणि हट्टी तेवढ्या वाचल्या. ठिपकी धारेशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नाही आणि हट्टी तर मलासुद्धा लाथ मारते.

बाहेर येऊन सगळे चहाला बसले. डॉक्टरीणबाईंनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "गोठा मी पाहिला. इतका कोरडा गोठा मी महिन्यात दुसरा पाहिला नाही. फडकी वेगळी, औषध आहे, क्रम बरोबर आहे. मग थोरलीचं पांढरीपर्यंत पोचतं कसं? धार काढायच्या आधी थोरलीला कोणी हात लावतं का?"

सून म्हणाली, "मी. माझ्याकडून होतं कधी कधी. घाईत विसरते."

मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, "अगं, तू कुठं? तू तर झोपलेली असतेस! मीच की."

रेडिओ फिस्सकन हसली. मी सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? की बाई, थोरलीचा मान असतो, तिला दोन धारा जमिनीवर सोडल्या की ती खूश, आणि मग तोच उबदार हात सगळ्यांच्या कासेवरून फिरवते, म्हणजे पान्हा चटकन सुटतो. "ही मंडळी उठायच्या आत माझं निम्मं काम झालेलं असतं," म्हटलं.

"रोज, आजी?"

"रोज म्हणजे रोज. ताप होता तेव्हासुद्धा."

मुलानं कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसला नाही. सून जमिनीकडे बघत होती. एवढी गप्प मंडळी मी आमच्या घरात कधी पाहिली नाहीत. रेडिओसुद्धा बंद.

डॉक्टरीणबाई उठल्या. "चला आजी, आपण दोघी परत जाऊ गोठ्यात." माझ्याच हातानं थोरलीच्या धारा ताटलीत काढायला लावल्या, जांभळं पाणी मलाच ओतू दिलं, मलाच फिरवायला दिलं. फिरवता फिरवता हाताला जड लागायला लागलं. चमच्यानं उचलून पोळीवर लावावं इतकं घट्ट. मग म्हणाल्या, "हे जमिनीवर पडलं तरी तुमच्या हातावर राहतं. आणि तुम्ही हात प्रेमानं फिरवता, घाईनं नाही. म्हणून नीट पोचतं."

मी हाताकडे बघितलं. नेहमीसारखाच दिसत होता.

बोलणी बंदच करणार होते. शिडीनं पेटीचे खटकेसुद्धा लावले होते. पण सून गाडीपर्यंत गेली आणि काय बोलली कोण जाणे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तीन आठवडे, मंगळवारीच, पण शेवटचे. लाजरी, नवी आणि पांढरीला औषध द्या. थोरलीला आता औषधाचा उपयोग नाही, वय झालं. एक तर विका, नाहीतर आटवा आणि वेगळी बांधा. आटवायची म्हणजे तिचं दूध कायमचं बंद करायचं.

एक मात्र मला अजून कळलं नाही. सून "मी" का म्हणाली? त्या बाईंची नजरच तशी आहे. घाबरून गेली असेल बिचारी.

२६ तारीख, बुधवार

सवयीनं जाग आली. उठून बसले, पायात चप्पल घातली, मग काढली. गोठ्यात गेले नाही. स्वयंपाकघरात बसून डबे पुसले. ते पुसलेलेच होते.

मुलगा माझ्याशी बोलत नाही. म्हणजे "मीठ दे" म्हणतो, एवढंच. दुपारी गुरांचा दलाल आला. मुलानंच बोलावलेला. थोरलीचे दात बघितले, कातडी ओढली, पाठीवर थाप मारली. थोरली त्याच्या अंगावर शिंकली. मी खिडकीतून बघत होते. बोलायचं तर काय बोलणार? ताटली मीच फिरवली होती.

सून बाहेर आली. "ही विकायची नाही," म्हणाली.

"अगं, तूच म्हणालीस ना सगळ्याचं मूळ हीच!" मुलगा म्हणाला.

"मूळ आहे म्हणूनच. आपण विकली तर उद्या दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. तिथंही कोणीतरी तिच्या कासेला हात लावेलच ना?"

"आईसाठी करतेस तू हे."

"आईंसाठी असतं तर तसं सांगितलं असतं. आटवू या तिला."

दलाल म्हणाला, "आधी तुमच्यात ठरवा." चहा प्यायला, बिस्किटांची ताटली रिकामी केली आणि गेला. तो गेल्यावर मुलगा बराच वेळ फाटकाशी उभा होता, फाटक उघडं टाकून. एरवी इतरांना ओरडतो फाटक लावा म्हणून.

२८ तारीख, शुक्रवार

थोरलीला मागच्या पडवीत बांधली. माझ्या खोलीची खिडकी तिकडेच उघडते. आता रवंथ करताना तिचा आवाज येतो. फार छान वाटतं. पेंड बंद, नुसती कोरडी वैरण, म्हणजे दूध कमी होतं. शेवटची धार सुनेनं काढली, चारही सडांत औषध सोडलं. आता कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. दूध आतल्या आत जिरायचं असतं.

धारेच्या वेळी गोठ्यातून बादल्यांचा आवाज आला आणि थोरली हंबरायला लागली. कास तटतटलेली. मी खिडकीतून म्हटलं, "झालं गं बाई, तुझं झालं आता." तिनं ऐकलं नाही. माझं तरी कधी ऐकलंय?

३० तारीख, रविवार

अजून हंबरते. संध्याकाळी तर अशी हंबरली की रेडिओ बघायला आली, कोण आजारी आहे म्हणून. मी स्टूल घेऊन पडवीत बसते, हाताची घडी घालून. घडी घातली नाही तर हात आपोआप जातो. मान खाजवायला परवानगी आहे, ती मी सुनेला विचारून घेतली. खाजवून झालं की साबण लावून कोपरापर्यंत धुते. पाणी गारच असतं, पण आता मला कुठं पान्हा सोडवायचाय.

५ तारीख, शुक्रवार

थोरली गप्प झाली. कास सैल पडली, रिकाम्या पिशवीसारखी. दोन दिवस तिचं हंबरणं नाही म्हणून मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. मग तीही सवय गेली.

आज एक गंमत बघितली. धारा झाल्यावर मुलगा वैरण घालायला निघाला. नेहमी दावणीच्या या टोकापासून सुरू करतो. आज गोठ्याच्या दारातून वळला, पहिली पेंढी घेऊन पडवीत गेला आणि थोरलीपुढे टाकली. टाकून तिला म्हणाला, "घे, झालं समाधान?" मग बाकीच्यांना घातली. मी खिडकीत होते हे त्याला माहीत होतं की नाही, माहीत नाही. जेवताना मला म्हणाला, "आई, भाजीत मीठ कमी आहे." म्हणजे बोलायला लागला.

९ तारीख, मंगळवार

नवीची एक वाटी स्वच्छ झाली, असं सुनेनं तपासून सांगितलं. नात ताटलीवर वाकून बघते आणि ओरडते, "पळतंय, पळतंय!" म्हणजे दूध हिंदकळतंय. लाजरीचा सड मऊ पडला, पण त्यातून दूध पूर्वीइतकं येणार नाही आता. तिला त्याचं काही नाही. ती अजूनही मला बघितलं की मान पुढे करते. मी लांबूनच बोलते तिच्याशी. सगळ्यांशीच लांबून बोलते. दारातून. गाईंना वाटत असेल, म्हातारीला गर्व झाला.

१६ तारीख, मंगळवार

आज रेडिओच्या आधी पाहुणे आले! रेडिओ आंघोळीला गेली होती. केस ओलेच घेऊन धावत आली आणि वरून मलाच म्हणाली, "सांगायचं नाही होय?"

बूट धुतले. शिडी आज आठवणीनं वाकला. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. सून म्हणाली, "आई, आत या की." म्हटलं, "इथं बरं आहे, ऊन आहे." ऊन नव्हतं तसं. नात आत-बाहेर पळून बातम्या देत होती. "पांढरी पळाली! ठिपकी पळाली! हट्टीनं शिडीकाकांना लाथ मारली!" मग नवी. नवी पळाली. मग बराच वेळ नात बाहेर आलीच नाही. मुलगा दारात येऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडे. त्याच्या मानेवरून मला कधीच काही कळत नाही, त्याच्या वडिलांच्याही मानेवरून कळत नसे. मी उठले, बसले, परत उठले. रेडिओनं माझा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

"लाजरीची एक वाटी थोडी जाडसर आहे," डॉक्टरीणबाई बाहेर येत म्हणाल्या. "त्या सडाचं दूध वेगळं ठेवा. बाकी सगळं चांगलं आहे. घेतो आम्ही."

सुनेनं हो म्हटलं आणि तिथंच पायरीवर बसली. मुलानं तिला पाणी आणून दिलं, अर्धं सांडलं.

मग शिडीनं पेटीतून एक काळी वाटी काढली. धार काढायच्या आधी प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी या वाटीत घ्यायची. दुधात गुठळी असेल तर काळ्यावर पांढरी लगेच दिसते, आजार वाढायच्या आत कळतं. "हे काम एकाच माणसानं करायचं, रोज," बाई म्हणाल्या. "ज्याला गाईची खोड माहीत आहे, जो एक दिवसही चुकणार नाही असा. कोण करील?"

सून म्हणाली, "आई."

मुलगा माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "हात धुऊन."

"कोपरापर्यंत," मी म्हटलं. "प्रत्येक गाईनंतर." आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, क्रम कसा. त्या म्हणाल्या, चांगल्या आधी, लाजरी शेवटी. म्हटलं, लाजरीची मी समजूत घालते.

वाटी धुऊन फडताळात ठेवली आहे, नातीच्या रंगांपासून लांब. गाडी जाईपर्यंत रेडिओ बसली होती. तिला काळी वाटी काय ते मी दोनदा समजावलं, आता गावाला समजेल.

शनिवारी सकाळी दुधाचे कॅन घेऊन येतो म्हणालेत. धारा लवकर काढाव्या लागतील.